कापडावर पट्टा पडला की दोष फक्त मागावर का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात यंत्रमागावर मोठा लेख आला, मी तो दोनदा वाचला. मंदी, वीजबिल, मजुरी, सगळं बरोबर लिहिलंय, पण त्यात एक वाक्य होतं की जुने माग आणि कारागिरांचं दुर्लक्ष यामुळं कापडात पट्टे पडतात आणि तागे परत येतात. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी मूळचा धुळे जिल्ह्यातला, गेली बावीस वर्षं सिल्वासाला टेक्स्चरायझिंगमध्ये मेंटेनन्स फिटर आहे, म्हणजे पॉलिस्टरचं जे सूत भिवंडी मालेगावच्या मागावर चढतं ते जिथं तयार होतं तिथला माणूस. मागावर दोष असतात, मी नाही म्हणत नाही, पण कितीतरी पट्टे माग सुरू व्हायच्या आधीच सुतात बसलेले असतात आणि ते बसतात एका बावन्न मिलिमीटरच्या चकतीवर, जिचं नाव भिवंडीतल्या दहातल्या नऊ मागवाल्यांनी ऐकलेलंही नसेल.

आधी ही चकती काय ते सांगतो. पॉलिस्टरचा कच्चा धागा, ज्याला आम्ही पोय म्हणतो, तो काचेसारखा सरळ आणि गुळगुळीत असतो, त्याचं कापड विणलं तर ते प्लास्टिकसारखं लागेल. त्याला फुगवटा आणि लवचिकपणा यावा म्हणून त्याला पीळ घालायचा, पीळ घातलेला असतानाच गरम करून थंड करायचा आणि मग पीळ सोडून द्यायचा. पीळ निघून जातो पण धाग्याच्या अंगात त्याची आठवण राहते, प्रत्येक तंतू कुरळा होतो. आपल्याकडं म्हणतात ना सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आमचा सगळा धंदाच त्या म्हणीवर उभा आहे. शेवटी धाग्यात पीळ उरत नाही म्हणून याला फॉल्स ट्विस्ट म्हणतात, खोटा पीळ.

फार पूर्वी हे तीन वेगवेगळ्या कामात व्हायचं, पीळ घाला, वाफेवर बसवा, उलटा पीळ देऊन सोडवा. स्वित्झर्लंडच्या हेबरलाइन कंपनीनं १९३० च्या दशकात या पद्धतीनं हेलान्का नावाचं सूत काढलं होतं. नंतर पिन स्पिंडल आली, बारीक नळीत एक पिन, पिनेला धाग्याचा एक वळसा, आणि नळी मिनिटाला सहा-आठ लाख फेरे फिरायची. पण तिथं एका फेऱ्याला एकच वेढा, त्यामुळं धागा मिनिटाला दोन-तीनशे मीटरच्या पुढं जाईना. मग १९७० च्या दशकात फ्रिक्शन डिस्क आल्या आणि सगळं बदललं. त्रिकोणात उभ्या तीन दांड्या, त्यावर एकमेकींच्या मधे घुसलेल्या चकत्या, आणि धागा त्या सगळ्या चकत्यांच्या कडांना घासत नागमोडी खाली उतरतो. तळहातांमधे वात वळतो तसं चकतीची कड धाग्याला वळते. आता हिशोब बघा, धागा मिनिटाला ६०० मीटर धावतो आणि चकतीची कड त्याच्या साधारण १.८ पट वेगानं, याला आम्ही डी बाय वाय म्हणतो, म्हणजे चकती मिनिटाला साडेसहा हजारच्या वर फेरे घेते आणि १५० डेनिअरच्या (डेनिअर म्हणजे सुताच्या जाडीचं माप) धाग्याला मीटरमागे अडीच हजाराच्या आसपास वेढे बसतात. म्हणजे मिनिटाला पंधरा लाख वेढे, चकतीच्या एका फेऱ्यात सव्वादोनशेच्या वर. बावीस वर्षं झाली तरी मला याचं नवल वाटतं.

हा पीळ चकतीपासून मागं वर चढत जातो, थंड करायच्या प्लेटवरून थेट हीटरपर्यंत, तिथं दोनशे अंशाच्या आसपास तो बसतो आणि चकत्यांच्या खाली आला की आपोआप सुटतो. सगळं एका दमात, धागा कुठंही न थांबता.

म्हणजे सगळा खेळ त्या कडेच्या पकडीचा. मशीनवर एका धाग्याच्या जागेला आम्ही पोझिशन म्हणतो. हीटर सगळ्या पोझिशनला सारखा, ताण देणारे रोलर सारखे, पण चकतीची कड प्रत्येक पोझिशनला वेगळी असू शकते. आमच्या एका मशीनला २१६ पोझिशन आहेत, म्हणजे २१६ कोन, सुताची मोठी रिळं, एकाच वेळी भरतात. वर एक गाइड डिस्क, मधे पाच कामाच्या आणि खाली एक असं युनिट धरलं, ज्याला वन फाइव्ह वन म्हणतात, तर एका मशीनवर १५१२ चकत्या झाल्या. यातली एक जरी वेगळी वागली तरी तो कोन बाकीच्या २१५ कोनांपेक्षा वेगळा होतो, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. पांढरा शुभ्र, गोल गरगरीत कोन, ए ग्रेडचं स्टिकर लावून पेटीत जातो.

चकत्या मुख्यतः दोन जातीच्या. सिरॅमिकची चकती वर्षानुवर्षं टिकते पण धाग्याला खरवडते, खाली पांढरी पावडर पडते, तिला आम्ही स्नो म्हणतो. दुसरी पॉलियुरेथेनची म्हणजे पीयू डिस्क, रबरासारखी, तिची पकड चांगली, धागा जपते, बारीक तंतूच्या सुताला हीच लागते, पण ती झिजते. काही महिन्यांत कड चपटी होते, चकाकी येते, मधोमध बारीक घळ पडते. युनिट उघडून अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं की नवी चकती नखाला धरते आणि झिजलेलीवरून नख सटकतं. नख सटकतं तसाच धागाही सटकतो, वेढे कमी बसतात, चकतीच्या आधीचा ताण आणि नंतरचा ताण, टी वन आणि टी टू, यांचं गणित बिघडतं, सुताचा फुगवटा कमी होतो, आणि असं सूत रंग वेगळा घेतं. बिन रंगाच्या कापडात काहीच कळत नाही. डाइंग करून आलं की मग पट्टा.

अजून एक गोष्ट जी कारखान्याबाहेर कुणाला माहीत नाही. धागा तुटला की कधी कधी तो चकत्यांवर गुंडाळला जातो, घट्ट चिंधीसारखा. नियम असा की युनिट बंद करून हुकानं हळूहळू सोडवायचं, पण ऑपरेटरकडं बघायला तेवढ्या सगळ्या पोझिशन, वरून सुपरवायझर ओरडतोय की पोझिशन रिकामी का, मग तो खिशातलं ब्लेड काढतो आणि कापून मोकळा होतो. ब्लेड पीयूवर एक बारीक चीर ठेवून जातं. ती चीर पुढं प्रत्येक फेऱ्यात धाग्याला घासते आणि मधेच एखादा तंतू तोडते. मी स्वतः अशा चिरा पडलेल्या चकत्या काढून मुलांना दाखवल्यात, बोट फिरवून बघायला लावलंय. त्या पोरांना मी दोष देत नाही, एक एक जण १२ तास उभा असतो आणि मशीनचा आवाज एवढा की शेजारच्याशी कानाला तोंड लावून बोलावं लागतं. (कायद्यात आवाजानं आलेला बहिरेपणा नोंद करायच्या व्यवसायजन्य रोगांत आहे, तरी इअरप्लग मागावे लागतात, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

आता ज्यामुळं हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो.

माझे साडू भिवंडीला आहेत, चोवीस माग, सगळं काम मजुरीवर, म्हणजे सूत शेठ देतो, साडू विणून देतात, मीटरवर मजुरी. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांच्याकडं गेलो होतो तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण. शेठनं अकरा तागे परत पाठवले होते, रंगवून आल्यावर पट्टे दिसले म्हणून, आणि नुकसान मजुरीतून कापलं होतं. साडू माझ्यासमोर कारागिराला बोलत होते की तू कांडी बदलताना लक्ष देत नाहीस, आणि तो बिचारा मान खाली घालून उभा. (कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची लहान रीळ.) मी म्हटलं भाऊ एक मिनिट थांबा, तागा उलगडा.

ओसरीवर तागा पसरला आणि मी टेप घेऊन बसलो. पट्टा वीसेक इंचाचा, मग चांगलं कापड, मग पुन्हा तेवढाच पट्टा. मागाचा दोष असता, म्हणजे माग थांबून सुरू झाल्याची खूण असती किंवा कापड ओढण्यात गडबड असती, तर ती बारीक रेघ असती किंवा कुठंही सुरू होऊन कुठंही विरली असती. हा पट्टा सुरीनं कापल्यासारखा सुरू होत होता आणि तसाच संपत होता, आणि बरोबर त्याच जागी काठाला कांडी बदलल्याची शेपटी दिसत होती. एक कांडी संपली की पट्टा संपला. म्हणजे दोष त्या कांडीवरच्या सुतात, आणि कांडी भरली कोनावरून.

साडूंच्या गोडाऊनमध्ये त्याच लॉटचे नऊ कोन शिल्लक होते. मी प्रत्येक कोनावरून पाटाला वीस वीस वेढे गुंडाळून लच्छी केली, मेव्हणीबाईंनी चहाचं मोठं पातेलं दिलं, पाणी उकळलं, सगळ्या लच्छ्या दहा मिनिटं पाण्यात. मग वाळवून खिळ्यांना ओळीनं टांगल्या आणि प्रत्येकीला सारखाच एक नट अडकवला. फुगवटा चांगला असलेलं सूत गरम पाण्यात आखडतं. आठ लच्छ्या एका ओळीत आल्या आणि नववी त्यांच्यापेक्षा बोटभर लांब लोंबत राहिली. कारागीर तिच्याकडं बघत राहिला, काही बोलला नाही. साडूंनी त्याला खांद्यावर हात ठेवून बाहेर नेलं आणि चहा पाजला.

तो कोन कुठल्या कारखान्याचा होता ते मी लिहित नाही, आणि खरं सांगायचं तर लिहून उपयोग नाही कारण हे सगळीकडं होतं, मी जिथं जिथं काम केलं तिथंही झालंय. पण एक कोन म्हणजे किती कापड याचा हिशोब वाचकांना कळावा म्हणून देतो. १५० डेनिअरचा चार किलोचा कोन म्हणजे २४० किलोमीटर धागा. ४८ इंची पन्ना आणि इंचाला ५२ पिक म्हणजे आडवे धागे धरले तर एक मीटर कापडाला बाण्यात अडीच किलोमीटरच्या वर सूत जातं, म्हणजे एका कोनात नव्वदेक मीटर कापड. आणि हे नव्वद मीटर एका ताग्यात येत नाही, कांड्या वाटल्या जातात, वेगवेगळ्या मागांवर जातात, एका कोनाचा दोष दहा ताग्यांत वीस वीस इंच करून पसरतो. साडूंचे अकरा तागे असेच गेले.

आता माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्याकडं दोष तयार होतो त्याच्यापर्यंत तो परत पोचला पाहिजे, आणि आज तो पोचत नाही कारण कोनावर काहीच लिहिलेलं नसतं. स्टिकरवर डेनिअर असतो, तंतूंची संख्या, लॉट नंबर, ग्रेड. पण मशीन नंबर आणि पोझिशन नंबर पेटीत जाईपर्यंत पुसलेला असतो. कारखान्यात डॉफ करताना, म्हणजे भरलेला कोन उतरवताना, आम्हाला माहीत असतं की हा कोन पाच नंबर मशीनच्या एकशे बेचाळीस पोझिशनचा, तिथंच तो नंबर कोनाच्या आत नळीवर मारला तर खर्च काय, एका शिक्क्याचा. आणि चकती कुठली, सिरॅमिक की पीयू, ते लॉटच्या कागदावर लिहावं, कारण दोन्ही प्रकारचं सूत एकाच कापडात मिसळलं तर नव्या चकत्या असल्या तरी पट्टा येतो. मागवाल्याला हे कळलं तर तो ताणा-बाणा भरताना वेगळं ठेवू शकतो.

दुसरं, कारखान्यांनी चकत्या तुकड्या-तुकड्यांत बदलू नयेत. हा माझ्या मते सगळ्यात मोठा दोष आहे. ज्या पोझिशनची तक्रार येते तेवढीच बदलायची, बाकीच्या झिजलेल्या तशाच, मग एकाच मशीनवर नवी चकती, चार महिन्यांची चकती आणि वर्षाची चकती शेजारी शेजारी चालतात आणि सगळं सूत एकाच लॉट नंबरनं जातं. बदलायच्या तर मशीनची एक पूर्ण बाजू एकदम बदला आणि तारीख लिहून ठेवा. मालकांची बाजू मला माहीत आहे, पीयू डिस्क स्वस्त नाहीत, सुताला किलोमागे सुटतात किती पैसे, आणि दीड हजार चकत्या एकदम बदलायच्या म्हणजे मशीन बंद ठेवावं लागतं. ते खोटं नाही. पण चकतीचे वाचवलेले पैसे कुणाच्या तरी खिशातून जातातच, आणि ते खिसे भिवंडीत मजुरीवर माग चालवणाऱ्याचे आहेत, ज्यानं ते सूत विकतही घेतलेलं नसतं.

नव्या मशीनवर प्रत्येक पोझिशनला ताण सतत मोजणारं उपकरण येतं, बिघडलेली पोझिशन लगेच पकडली जाते. ज्यांच्याकडं ते आहे त्यांनी बंद करून ठेवू नये एवढीच विनंती, मी ते बंद ठेवलेलं पाहिलंय कारण अलार्म फार वाजतो म्हणून. जिथं ते नाही तिथं हातातला टेन्शन मीटर आहे, रोज एका पाळीत वीस-पंचवीस पोझिशन तपासल्या तरी नऊ ते अकरा दिवसांत, दोन्ही पाळ्यांत तपासल्या तर त्याच्या निम्म्यात, सगळं मशीन होतं. शिवाय मोज्यासारखी नळी विणून ती रंगवून बघायची पद्धत प्रत्येक चांगल्या कारखान्यात आहे. सगळे कोन एकामागून एक त्या नळीत विणतात, रंगात बुडवतात आणि जो कोन वेगळा तो लगेच दिसतो. हीच सोय मागवाल्यांना मिळाली पाहिजे. भिवंडीत पॉवरलूम सर्व्हिस सेंटर आहे, यंत्रमागवाल्यांसाठीच ते काढलंय, तिथं नळी विणायचं एक लहान मशीन आणि रंगवायचं भांडं चालू ठेवलं, आणि मजुरीवाल्याला लॉट चढवायच्या आधी पाच-दहा कोन तपासून लेखी कागद मिळाला, तर शेठसमोर बोलायला त्याच्या हातात काहीतरी असेल. आज त्याच्या हातात काही नसतं. तो फक्त म्हणतो माझा माग चांगला आहे, आणि शेठ म्हणतो मग पट्टा आला कुठून.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मानवनिर्मित धाग्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा सगळ्या पेपरांत पानंच्या पानं आली, चांगलं झालं, मागवाल्यांची ती जुनी मागणी होती. त्या वेळी मला वाटलं होतं की आता सुताच्या दर्जावरही कुणीतरी बोलेल. कर कमी झाला म्हणून नववी लच्छी आखडत नाही. मजुरीचे करार होतात त्यात कापडाचे दोष आणि कपातीचे दर बारीक अक्षरात लिहिलेले असतात, त्यात एक ओळ टाका की पट्टा कांडीच्या बदलावर सुरू होऊन कांडीच्या बदलावर संपत असेल तर तो सुताचा दोष धरला जाईल आणि कपात होणार नाही. हे टेप घेऊन कुणालाही तपासता येतं, त्याला ना लॅब लागते ना इंजिनिअर. भिवंडीतल्या आणि मालेगावातल्या यंत्रमाग संघटनांनी एवढी एक ओळ लावून धरावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि खानदेशातल्या ज्या पोरांना सुरत सिल्वासाला टेक्स्चरायझिंगमध्ये यायचंय त्यांना एक सांगणं. सुपरवायझर काहीही म्हणो, गुंडाळलेल्या धाग्याला ब्लेड लावू नका. हुक मागा, नाही दिलं तर फिटरला बोलवा, फिटर शिव्या देईल पण येईल. मी तरी येतो.

साडूंनी आता नियम केलाय, नवा लॉट आला की प्रत्येक पेटीतला एक कोन काढून लच्छी करायची, पातेलं त्यासाठी वेगळं ठेवलंय, आणि कागदावर तारीख लॉट टाकून शेठच्या माणसाची सही घेतल्याशिवाय कांडी भरायची नाही. पहिल्यांदा तो माणूस हसला होता. पण एका लॉटमध्ये दोन लच्छ्या लांब निघाल्या तेव्हा त्यानं त्या दोन पेट्या स्वतः टेम्पोत चढवून परत नेल्या. आधी कापलेली मजुरी अजून मिळालेली नाही, मागणं चालू आहे.

नाव छापू नये ही विनंती, नोकरी चालू आहे.

आपला नियमित वाचक,
एक टेक्स्चरायझिंग फिटर, सिल्वासा